उत्तर: काड्या की काटाचमचा

वर कुणीतरी लिहिलंय की चॉपस्टिकनं भात खाणं म्हणजे नुसती शायनिंग, दाणे धरतायत कुठं. अहो पण तिकडचा भातच वेगळा की! जपान-कोरियाचा तांदूळ आखूड दाण्याचा, त्यात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) कमी असतं म्हणून शिजल्यावर चिकटतो, मग काड्यांनी घासच्या घास उचलता येतो. आपल्या बेळगाव बासमतीचा मोकळा भात नि वर आमटी असलं घेऊन काड्यांनी खायला बसलात तर संध्याकाळ व्हायची बगा.

आणि तिकडचे सगळे काड्यांनीच जेवतात हे पण खरं नाही. कोरियात भात नि सूप चमच्यानं, काड्या बाकीच्या पदार्थांना, त्या पण धातूच्या नि चपट्या, नवख्याच्या हातातून लई सटकतात. थायलंडमध्ये भात चमच्यानंच खातात, काटा असतो तो चमच्यावर घास ढकलायला, आणि काड्या बाहेर येतात त्या सूप नूडल्स आल्या की.

काट्याची बाजू घेणाऱ्यांनी पण जरा दमानं घ्या, इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात काटा वापरणाऱ्याला लोक हसायचे, तोवर सुरी, चमचा नि सरळ हात. (आपल्याला हातानं खाता म्हणून नाकं मुरडणारे हेच काय!) सुशी तर जपानात पण हातानं खाल्लेली चालते.

बेळगावच्या टिळकवाडीत गाड्यावर नूडल्स काट्यानं खाताय तर खावा बिनधास्त. फक्त जपानी कुणी समोर असेल तर काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नका, तसं ते मयताच्या भाताला करतात.