सत्तेचाळिशीत तब्येत सावरायची आहे, पण हळूहळू. पहिली सवय कोणती धरू?

निळीशाई
नमस्कार मंडळी. वय ४७, काम संगणकावरचं आणि घरूनच, त्यामुळे दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत जातात. गेल्या महिन्यात तपासण्या केल्या. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१, रक्तदाब १३४/८६, वजन ७४ किलो (पाच वर्षांपूर्वी ६५ होतं). डॉक्टर म्हणाले, औषध आत्ताच नको, सहा महिन्यांनी परत बघू, तोवर जीवनशैली बदला.

खरी अडचण पुढे आहे. हे मी आजवर चारदा केलंय. एकदा व्यायामशाळेचे वर्षभराचे पैसे भरले. एकदा साखर पूर्ण तोडली. एकदा पहाटे पाचला पळायला लागले आणि दोन आठवड्यांत गुडघा दुखावून घेतला. दरवेळी सगळं एकाच सोमवारी सुरू केलं आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं एकदमच सुटलं. सुटलं की पुढचे कित्येक महिने त्या विषयाचं नावसुद्धा काढवत नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

या वेळी एकाच सवयीपासून सुरुवात करायची आहे. घरी वडील आजारी असतात, त्यांचं सगळं मीच बघते, म्हणून "सकाळचा एक तास स्वतःसाठी काढ" हा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही. पहिली सवय कोणती असावी, दुसरी कधी जोडावी, आणि ज्यांचं वर्षभराहून जास्त टिकलंय त्यांचं नेमकं काय टिकलं, एवढं सांगा. पावडरी, गोळ्या, ठरावीक आहारतक्ते नकोत.

पायवाट
ताई, माझं तीन वर्षं टिकलंय. वय ५२. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं चालणं, बस्स. पहिले दोन महिने याखेरीज काहीही केलं नाही.

जेवणानंतरच का, तर रक्तातली साखर तेव्हाच चढत असते. पायाचे स्नायू काम करायला लागले की ती साखर थेट ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. २०१३ साली साठीपुढच्या लोकांवर एक छोटा प्रयोग झाला होता, माणसं जेमतेम दहा होती. तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालल्यावर दिवसभराची साखर आटोक्यात राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर एकाच दमात ४५ मिनिटं चालण्यापेक्षाही चांगली उतरली. प्रयोग लहान असला तरी माझा अनुभव त्याच्याशी जुळतो.

आठवड्याला १५० मिनिटांचा आकडा सगळीकडे वाचला असशीलच. जागतिक आरोग्य संघटनेचा तो सल्ला बरोबरच आहे (१५० ते ३००, मध्यम दमाची हालचाल). पण पूर्वी त्यात एक अट होती, सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरायची नाही. २०२० च्या सूचनांत ती अट काढून टाकली. तीन मिनिटंही हिशेबात येतात. तुझ्यासारख्या, वेळ तुकड्यातुकड्यांत मिळणाऱ्या बाईसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

जुनाखेळाडू
चालणं चांगलंच, पण मी ताकदीच्या व्यायामाला पहिला क्रमांक देईन. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. जेवणातली साखर साठवण्याची शरीरातली सगळ्यात मोठी कोठी स्नायूच. कोठीच आक्रसत गेली तर साखर जाणार कुठे?

"चाळिशीनंतर चयापचय मंदावतं, आता काही होत नाही" हे मीही वर्षानुवर्षं म्हणायचो. २०२१ मध्ये ६४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवर आधारलेलं मोठं संशोधन आलं. शरीराचा आकार आणि स्नायू हिशेबात घेतले तर विशी ते साठी ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो. म्हणजे बिघाड वयाच्या माथी मारता येत नाही. आपण हललो कमी, स्नायू गेले, झोप गेली. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी परत आणता येतात.

करायचं काय: पक्क्या, न घसरणाऱ्या खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. पाच वेळा. जमायला लागलं की आठ, मग दहा. जोडीला भिंतीला हात टेकून जोर. साहित्य शून्य, वेळ दोन मिनिटं. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भारही हलका होतो. मात्र गुडघा सुजत असेल किंवा अडकत असेल तर आधी दाखवून घ्या.

दुपारचीसावली
पावलं मोजणार असाल तर दहा हजारांच्या मागे लागू नका. तो आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलमापकाच्या नावातून आला. 'मानपो-केई' म्हणजे दहा हजार पावलांचं मोजयंत्र. २०१९ मध्ये वयस्क स्त्रियांवर (सरासरी वय ७२) जो अभ्यास झाला, त्यात रोज २७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ठळकपणे कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. आधी एक आठवडा नुसतं मोजा, काही बदलू नका. जी सरासरी येईल तिच्यात हजारभर वाढवा.

उशिरापहाट
तुमचं लिहिणं वाचून मला वेगळीच काळजी वाटली. वडिलांचं करताना झोप किती मिळते?

मी ४९ ची, पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर. रात्री दोनदा घामाने भिजून उठायचे आणि दुसऱ्या दिवशी सारखं काहीतरी गोड खावंसं वाटायचं. मी त्याला खादाडपणा समजून स्वतःला बोल लावत राहिले. झोप कमी पडली की भूक वाढवणारं संप्रेरक चढतं, हे नंतर कळलं. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात. मी दोनच गोष्टी केल्या. मोबाईलचा चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर नेला, आणि दुपारनंतरचा चहा थांबवला. कॅफिनचा निम्मा भाग शरीरात साधारण पाच तास टिकून राहतो, म्हणजे सहाचा चहा अकराला अजून अर्धा जागा असतो. महिनाभरात गोडाची ओढ बरीच ओसरली.

आणखी एक. पाळी जाण्याच्या काळात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, हाडंही झिजायला लागतात. तुम्ही लिहिलेल्या तपासण्यांत कोलेस्टेरॉल दिसलं नाही. केलं नसेल तर करून घ्या ताई.

पायवाट
झोपेचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता. सहमत.

सावकाशगाडी
काय करायचं ते वर आलंय. मी "टिकवायचं कसं" यावर लिहितो, कारण ताईंची चारही वेळची गोष्ट तिथेच अडली आहे.

२१ दिवसांत सवय लागते हे विसरून जा. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आपल्या आवडीची एक छोटी सवय निवडली होती. ती आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर अंदाजाने कुणाला २५४ सुद्धा. पाण्याचा पेला लवकर अंगवळणी पडला, व्यायामाला वेळ लागला. ताई, तुम्ही दरवेळी तिसऱ्या आठवड्यात सोडलंत, म्हणजे सवय रुजायच्या खूप आधी. तो तुमच्या निर्धाराचा दोष नव्हता हो, मुदतच चुकीची धरली होती.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात काही मोठा फरक पडला नाही. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही, दुप्पट करायचं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीचं तेवढंच.

आणि नवी सवय वेळेला बांधू नका. "सकाळी सात वाजता" हे तुमच्या घरात टिकणार नाही. जे रोज काहीही झालं तरी होतंच, अशा एखाद्या खुंटीला ती अडकवा. वडिलांना औषध देणं चुकतं का कधी? नाही ना? मग औषध दिलं की त्याच खुर्चीवर पाच उठबशा. वाईटातल्या वाईट दिवशीही जमेल इतकं लहान ठेवा. वाढवायचा मोह पहिल्या महिन्यात होईलच, तो आवरा.

धीर येण्यासाठी एक आकडा देतो. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३२३४ लोकांवर मोठा प्रयोग झाला, निकाल २००२ चे. त्यातल्या एका गटाला वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल एवढंच ध्येय दिलं होतं. सरासरी तीनेक वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं, मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. ७४ किलोच्या ७ टक्के म्हणजे पाच किलोच्या आसपास. सगळे नऊ किलो उतरवायची गरजच नाही.

मधलीवेळ
खाण्याबद्दल थोडंसं. काही तोडू नका, सरकवत न्या. ताटात भाज्या आधी आणि निम्म्या. गोड पेयं घेत असाल तर सगळ्यात आधी ती, कारण ती पोटात जातात पण पोट भरत नाही. चहातली साखर मी दर पंधरवड्याला पाव चमचा कमी केली, आता पूर्ण गेली आणि कधी गेली ते जाणवलंही नाही. रक्तदाबासाठी मीठ: दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा किंचित कमी, पाकिटबंद पदार्थांतलं धरून.

काठावरचा
इतर वाचकांसाठी एक सावधगिरी. ताईंना औषध नाही, म्हणून वरचं सगळं त्यांना चालेल. मी इन्सुलिनवर आहे. जेवणानंतर चालायला लागलो आणि चौथ्या दिवशी साखर इतकी उतरली की हात थरथरायला लागले. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून मात्रा बघून घ्यावी. चालताना छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळा दम लागणं असं झालं तर "व्यायाम नवा आहे म्हणून असेल" असं म्हणू नका, लगेच दाखवा. आणि आकडे सुधारले म्हणून रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका.

निळीशाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मुदत चुकीची धरली होती हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते.

ठरवलंय ते असं: वडिलांच्या दुपारच्या औषधानंतर पाच उठबशा. दुसरं काही नाही. ६६ दिवसांनी किंवा ती आपसूक व्हायला लागेल तेव्हा रात्रीचं चालणं जोडेन. कोलेस्टेरॉलही करून घेते. झोपेचं आत्ता हातात नाही, रात्री वडिलांना उठवावं लागतं. पण चार्जर आजच बाहेर नेते.

निळीशाई (अकरा आठवड्यांनंतर)
काय झालं ते सांगायला आले आहे.

पहिले पाच आठवडे एकही दिवस चुकला नाही. मग वडील आठ दिवस रुग्णालयात होते. तिथे काही म्हणजे काही झालं नाही. घरी आल्यावर तीच जुनी भावना दाटून आली, की झालं, पाचव्यांदाही सुटलं. सावकाशगाडी यांचा प्रतिसाद पुन्हा वाचला, दुपारी वडिलांना औषध दिलं आणि पाच उठबशा काढल्या. भरपाई केली नाही. एवढंच घडलं, पण माझ्यासाठी ते फार होतं.

आता बारा उठबशांवर आहे. नवव्या आठवड्यात रात्रीचं चालणं जोडलं, दहा मिनिटं. कधी वडिलांना एकटं सोडता येत नाही, मग घरातल्या घरात येरझाऱ्या. वजन ७२. जमिनीवर बसले की आता हात न टेकता उठता येतं, गुडघाही बराच गप्प आहे. कोलेस्टेरॉल काठावर आहे, डॉक्टर त्यावर लक्ष ठेवून आहेत. एचबीए१सी अजून केलं नाही.

जुनाखेळाडू
फार आनंद झाला वाचून. एचबीए१सी ची घाई करू नका. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, ठरल्याप्रमाणे सहा महिन्यांनीच करा. बारावर आला आहात तर आता आकडा वाढवण्यापेक्षा वेग कमी करा. बसताना मनात चारपर्यंत मोजा, फरक जाणवेल.

निळीशाई
चारपर्यंत मोजून बघितलं, मांड्या बोलायला लागल्या!

एक नवी अडचण आहे. वडिलांची तब्येत जरा सुधारली म्हणून डॉक्टरांनी दुपारचं औषध बंद केलं. चांगलीच बातमी, पण माझी खुंटी गेली. काल आणि परवा, दोन्ही दिवस विसरले.

सावकाशगाडी
दुसरी खुंटी शोधू. दुपारी असं काय आहे, जे तुम्ही न ठरवताही करता?

निळीशाई
पाण्याची बाटली भरायला उठते. रोज, नक्की.

सावकाशगाडी
मग बाटली भरून आणली की खाली ठेवायच्या आधी. पहिला आठवडा परत पाचच.

निळीशाई
चालेल. लहान बाटली काढली आहे, म्हणजे दोनदा उठावं लागेल.