शनिवारचा पिक्चर आणि ४८ तास

गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

ओवीची आई, बी-३०२ : मंडळी, शनिवारी रात्री साडेआठला क्लबहाऊसमध्ये पिक्चर ठेवू या का? 'सितारे जमीन पर'. थिएटरात जूनमध्येच येऊन गेला, आता यूट्यूबवर १०० रुपये भाड्याने आहे. मी घेतलासुद्धा. थोडा लावूनही बघितला, आवाज मस्त आहे. वर्गणी नको, फक्त खुर्च्या मांडायला दोन मुलं पाठवा.

खजिनदार : १०० रुपयांत अख्खी सोसायटी? आम्ही चौघं जूनमध्ये जाऊन आलो, पॉपकॉर्न धरून दीड हजाराला खड्डा.

सेक्रेटरी : शनिवारी राखी आहे. किती जण येतील, आधी हात वर करा.

काकू, बी-३०४ : आमच्याकडे दोन्ही नणंदा मुलाबाळांसकट. नारळीभात करून आठपर्यंत मोकळी होते. आम्ही नऊ जण धरा.

निनाद, सी-५०३ : ताई, "थोडा लावून बघितला" म्हणजे प्ले दाबलंत? किती वाजता?

ओवीची आई, बी-३०२ : ९.५२ ला असेल. पाचच मिनिटं. का रे?

निनाद, सी-५०३ : मग मीटर पडला. भाड्याने घेतल्यावर ३० दिवसांत कधीही सुरू करता येतो, पण एकदा सुरू केला की ४८ तास. पाच मिनिटं बघा नाहीतर पूर्ण बघा. म्हणजे तुमची मुदत शनिवारी रात्री ९.५२ पर्यंत. पिक्चर २ तास ३८ मिनिटांचा. साडेआठला लावलात तर अर्ध्यातच घरी.

ओवीची आई, बी-३०२ : अगं बाई! हे सांगतात कुठे?

निनाद, सी-५०३ : पैसे भरायच्या आधी. आपण खाली न बघता पुढे जातो तिथे.

काका, ए-१०४ : ४८ तास म्हणजे चैन आहे हो. ८५-८६ साली आम्ही सदाशिव पेठेत वाड्यात राहायचो. व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी असं एका रात्रीचं भाडं. पोरगा सायकलच्या कॅरिअरला टीव्ही बांधून आणायचा, मागून त्याचा भाऊ धरून चालत. सकाळी परत न्यायला हजर. त्यामुळे तिन्ही पिक्चर एका रात्रीत उरकायचे. तिसऱ्याला सगळे घोरत असायचे, पण बंद करायची सोय नाही, पैसे भरलेत ना! चित्रात मुंग्या आल्या की कोरी नोट घेऊन हेड पुसायचं. आणि कॅसेट उलटी गुंडाळून दिली नाही तर दुकानदाराची बोलणी वेगळी.

खजिनदार : 😂 काका, आमच्याकडे तर बटाटेवडे असायचे मध्यरात्री.

काका, ए-१०४ : आणि गणपतीत रस्त्यावर पडदा. पुढे जागा नाही मिळाली की मागून बघायचा. मागून हिरो डावखुरा.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

ताई, बी-७०६ : सुप्रभात. काल उशिरा वाचलं. उत्साहावर पाणी टाकायचं नाहीये, पण वकिली पेशा आहे, राहवत नाही. १०० रुपयांत मिळतो तो घरी, खासगीत बघायचा हक्क. क्लबहाऊस म्हणजे घर नाही.

काकू, बी-३०४ : अहो पण आपण तिकीट कुठे लावतोय?

ताई, बी-७०६ : तिकीट नाही म्हणून खासगी होत नाही, काकू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. रहिवाशांच्या सामाईक हॉलमध्ये रेकॉर्ड ऐकवायला त्यात सूट आहे. म्हणून कोजागरीला आपण गाणी लावतो त्याचं काही नाही. पण ती सूट ऐकवण्याला आहे, पिक्चर दाखवण्याला नाही. हॉलमध्ये दाखवायचा तर हक्क ज्याचे, त्याची वेगळी परवानगी.

खजिनदार : ताई, कोण बघायला येतंय?

ताई, बी-७०६ : कोणी येणार नाही बहुतेक. पण उद्या पत्रक काढून लिफ्टमध्ये लावणार सेक्रेटरी, सही-शिक्क्यानिशी. पुरावा आपणच देणार.

सेक्रेटरी : पत्रक टाईप करून तयार होतं. थांबवलं.

निनाद, सी-५०३ : शिवाय गेल्या वर्षी काय झालं आठवतंय ना? फोन प्रोजेक्टरला मिरर केला, आवाज खणखणीत आणि पडदा काळा ठिक्कर. लोकांना वाटलं प्रोजेक्टर गेला. तो गेला नव्हता. भाड्याच्या पिक्चरला कॉपी होऊ नये म्हणून कुलूप असतं. मधली एखादी वायर किंवा जुना प्रोजेक्टर त्या कुलपाला ओळखत नसेल तर चित्र अडवतात. टीव्हीवरच्याच यूट्यूबमध्ये त्याच खात्याने लॉगिन करा, काही भानगड नाही.

काका, ए-१०४ : गेल्या वर्षी मी वीस मिनिटं श्रुतिका म्हणून ऐकला. वाईट नव्हता.

काका, ए-१०४ : एक शंका. ही भाड्याची कटकट कशाला? विकत घेऊन टाका ना. कायमचा आपला.

निनाद, सी-५०३ : "विकत" बटणावरही काका, पिक्चर विकत मिळत नाही, बघायचा परवाना मिळतो. गूगलचं पिक्चरचं वेगळं ॲप होतं, ते जानेवारी २०२४ मध्ये बंद केलं. लोकांनी घेतलेले पिक्चर यूट्यूबवर हलवले, म्हणून वाचले. परदेशात घेतलेले पिक्चर ऑनलाइन जपून ठेवायची एक सेवा होती, अल्ट्राव्हायलेट. तिने २०१९ मध्ये गाशा गुंडाळला, तेव्हा गिऱ्हाइकांना दुसरीकडे जोडून घ्या म्हणून धावपळ करावी लागली. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे, की नुसतं "खरेदी करा" लिहायचं असेल तर हा परवाना आहे हे स्पष्ट सांगा.

काका, ए-१०४ : म्हणजे माझ्या माळ्यावरच्या व्हीसीडी जास्त माझ्या.

निनाद, सी-५०३ : हो. फक्त लावायला यंत्र शोधा 😀

खजिनदार : माझी वेगळीच तक्रार. एका ॲपचे वर्षाचे पैसे भरलेत. त्यातच पिक्चर दिसतो, दाबला की म्हणे भाडं भरा. घरभाडं भरूनही बाथरूमचं वेगळं, असं झालं.

निनाद, सी-५०३ : ते दुकान वेगळं, वर्गणी वेगळी. एकाच पाटीखाली दोन्ही मांडतात त्यामुळे फसायला होतं. पोस्टरवर किंमत असेल तर वर्गणीत नाही समजा.

खजिनदार : आणि २०२१ च्या ईदला लॉकडाऊनमध्ये 'राधे' घरी बघायला झीप्लेक्सवर २४९ मोजले होते. ते कोणाला सांगू?

काकू, बी-३०४ : ते कोणालाच सांगू नका.

ओवीची आई, बी-३०२ : बरं, ऐका. क्लबहाऊस रद्द. उद्या आमच्याच हॉलमध्ये, ज्यांना यायचंय त्यांनी या. ताई, घरी पाहुणे बोलावले तर चालतं ना?

ताई, बी-७०६ : खुशाल. मीही येते. फक्त ग्रुपवर "सर्वांना आमंत्रण" म्हणू नका.

ओवीची आई, बी-३०२ : मग हे आमंत्रण नाही. सात म्हणजे सातला सुरू. वीस मिनिटं उशीर झाला तर शेवटची पाच-सहा मिनिटं निनाद तोंडी सांगेल.

काकू, बी-३०४ : नारळीभाताचं पातेलं घेऊनच येते. साडेसहाला.

सेक्रेटरी : क्लबहाऊसचं बुकिंग काढून टाकलं. २०० रुपये अनामत परत घ्यायला अर्ज द्यावा लागेल.

शनिवार, ९ ऑगस्ट

काका, ए-१०४ : ६.५५. लिफ्ट तिसऱ्यावर थांबत नाहीये. जिन्याने येतोय. सुरू करू नका.

ओवीची आई, बी-३०२ : काका लवकर या, सात वाजून चार मिनिटं झाली.

निनाद, सी-५०३ : ७.०६ ला सुरू. मध्यंतर नाही, ज्यांना चहा हवाय त्यांनी बघत बघत घ्या.

ओवीची आई, बी-३०२ : ९.४९ ला संपला, तेही मध्ये पाच मिनिटं वायफाय अडकूनसुद्धा! तीन मिनिटं शिल्लक. आमच्याकडे एक काळी छत्री, काकूंचं पातेलं आणि लहान मुलाची एकच डावी चप्पल राहिली आहे. दुसरी चप्पल कोणाकडे गेलीय बघा.