आधी फरशी, मग अपघात

वर कोणीतरी म्हटलंय की ट्रॉमा थेरपिस्ट (मानसिक आघातावर उपचार करणारे) हल्ली झोप, जेवण, श्वास यातच वेळ काढतात, मूळ घटनेवर येतच नाहीत. अर्धंच पटलं. घाटातल्या अपघातानंतर मी गेले तेव्हा पहिल्या तीन भेटींत थेरपिस्ट बाईंनी अपघाताचं नावही काढलं नाही. झोप किती, चहा किती, ट्रकचा हॉर्न ऐकला की अंगात नेमकं कुठे आवळतं, एवढंच. चपला काढून पाय फरशीवर टेकवायला लावायच्या, खोलीतल्या पाच वस्तू मोजायला सांगायच्या. पैसे फुकट चाललेत असंच वाटायचं, खोटं कशाला बोलू! चौथ्या भेटीत ईएमडीआर नावाचा उपचार सुरू झाला (मनात तो प्रसंग, आणि नजर त्यांच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांवर). मधेच सगळं घशाशी आलं, तेव्हा तीच थंड फरशी कामाला आली.

पण कोणी महिनोन्‌महिने श्वासावरच थांबत असेल तर जरूर विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) सुचवलेल्या उपचारांत ईएमडीआर आणि ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) दोन्ही आहेत. आणि भाषेचं कोणीच बोललं नाही इथे. मी इंग्रजीत सांगत होते तोवर बातमी वाचल्यासारखं चाललं होतं. 'घरी बोलता तसं सांगा' बाई म्हणाल्या, आणि मालवणीत पहिलं वाक्यही पुरं झालं नाही.