मदत हवी आहे: फिरत्या शिफ्टमध्ये शरीर, मन आणि अध्यात्म यांचं गणित कसं बसवायचं?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

वय ४४. नाशिकला सातपूर एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, नोकरीला २१ वर्षं झाली. दर आठवड्याला शिफ्ट फिरते. फर्स्ट सकाळी ७ ते दुपारी ३.३०, सेकंड ३.३० ते रात्री १२ आणि नाईट १२ ते ७. त्यात आमचा क्रम उफराटा: फर्स्ट झाली की नाईट, नाईटनंतर सेकंड, मग परत फर्स्ट. हे आधीच सांगतोय, कारण मला आजवर मिळालेला प्रत्येक सल्ला 'पहाटे पाचला उठा' इथून सुरू झालाय. नाईटच्या आठवड्यात पहाटे पाचला मी सीएनसीपुढे उभा असतो आणि डोळ्यांवर पाणी मारत असतो.

जूनमध्ये कंपनीची वार्षिक तपासणी झाली. उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड्स २१०, बीपी १३८/८८, पोटाचा घेर ९८ सेंमी. डॉक्टर म्हणाले, डायबेटीस नाही, पण उंबरठ्यावर आहात. गोळी लगेच नको, वजन उतरवा, डिसेंबरात परत तपासू. बाहेर आलो तर रांगेतला मित्र विचारतो, "काय रे, पास का?" म्हटलं, एटीकेटी.

शरीराचं एक वेळ समजतं, आकडे समोर असतात. मनाचं सांगायला अवघड जातंय. वडिलांना जाऊन येत्या कार्तिकात वर्ष होईल. तेव्हापासून कशातच रस वाटत नाही. चिडचिड मात्र भरपूर. मध्यंतरी नाईट करून झोपलो होतो, कुकरची शिट्टी झाली म्हणून बायकोवर ओरडलो. नको ते बोललो. ती काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी सहज स्वयंपाकघरात गेलो तर डाळ पातेल्यात शिजत होती. मुलीला विचारलं, ती म्हणाली, "तुमची नाईट असली की आई कुकर लावतच नाही." गॅसवर ती डाळ पाऊण तास रटरटत होती. ते फार लागलं मनाला.

त्याच रात्री वही काढली. तीन रकाने आखले: शरीर, मन, आत्मा. शरीरात १२ सूर्यनमस्कार आणि अर्धा तास चालणं. मनात दहा मिनिटं ध्यान आणि राग आला की लिहून काढणं. आत्म्यात हरिपाठ. अकरा दिवस टिकलं. चौथ्या दिवशी कंबर धरली म्हणून सूर्यनमस्कार गेले, नाईट लागली तसं चालणं गेलं. मुलीने वही पाहिली आणि म्हणाली, "बाबा, आत्म्याच्या रकान्यात रोज बरोबरची खूण आहे, बाकी सगळ्या फुल्या." खरं सांगायचं तर त्या रकान्यात खोटं लिहिणं सगळ्यांत सोपं होतं.

वडील माळकरी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जायचे, लहानपणी मीही जायचो. हरिपाठ मला पाठ आहे, पण श्रद्धा आहे का, विचाराल तर सांगता येणार नाही. मी माळ घातलेली नाही, रविवारी मटण खातो. ते गेल्यापासून एकादशी मात्र धरतो. गेल्या एकादशीला नाईट होती. रात्री १ वाजता डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, सोबत्याच्या ग्लुकोमीटरवर दोन तासांनी साखर १८६! म्हणजे आत्म्याचं केलं की शरीराचं बिघडतं.

तर प्रश्न असा: शिफ्टबरोबर फिरेल असं शारीरिक, मानसिक आणि अध्यात्मिक वेळापत्रक कुणी बसवलंय का? दहा गोष्टी नकोत. दोन-तीन चालतील, पण तिन्ही शिफ्टमध्ये टिकणाऱ्या. आणि कृपा करून दीक्षित की दिवेकर हा डाएटचा वाद इथे नको, आमच्या कॅन्टीनमध्ये त्यावर दोन माणसं अजून बोलत नाहीत.

ठोंब्या

धागा चांगला आहे. 'अध्यात्मिक' नव्हे, 'आध्यात्मिक'. बाकी जाणकार सांगतीलच.

जाईजुई

दादा, मी स्टाफ नर्स आहे. १६ वर्षं वॉर्डात नाईट केल्या, त्यामुळे पाणी मारणं माहितीये.

वही बाजूला ठेवा, आधी झोप. शरीराचं घड्याळ ही नुसती बोलायची गोष्ट नाही, ते पेशींच्या आत कसं चालतं हे शोधल्याबद्दल २०१७ चं वैद्यकाचं नोबेल दिलं गेलंय. त्या घड्याळाच्या हिशेबाने रात्र ही साखर हाताळायची वेळ नव्हेच. तेच अन्न दिवसा खाल्लं तर जेवढी साखर चढते, त्याहून मध्यरात्री जास्त चढते. तेव्हा १८६ चं पाप एकट्या साबुदाण्याच्या माथी मारू नका. (साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, हेही खरं. भगर थोडी, शेंगदाण्याची आमटी आणि दही जास्त, असं करा. आणि ते संध्याकाळीच खाऊन निघा.)

नाईटच्या आठवड्यात मुख्य जेवण संध्याकाळी साडेसातला घरी. कॅन्टीनला रात्री तीनच्या सुमारास भूक लागलीच तर फुटाणे, उकडलेलं अंडं किंवा ताक. पोहे-वडा नाही. तीननंतर चहा बंद, कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. आणि मशीनचा चहा गोडमिट्ट असतो. पाच कप, कपाला दोन चमचे धरा, झाली ४० ग्रॅम साखर.

सकाळी कंपनीच्या बसनेच या, पेंगत गाडी चालवू नका. बसमध्ये काळा गॉगल लावा, म्हणजे उन्हाने मेंदूला 'दिवस उगवला' असं कळणार नाही. घरी आल्यावर दूध आणा, बँकेत जाऊन या, असं काही नाही. सरळ झोप. खोलीला जाड, गडद पडदा. दिवसा सलग सात तास झोप बहुतेकांना लागतच नाही, म्हणून दोन तुकडे करा: साडेआठ ते एक, आणि रात्री जेवल्यावर, निघण्याआधी साधारण दोन तास. मी याच जोरावर टिकले.

दुसरं. रस न वाटणं, चिडचिड हे दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. पीएचक्यू-९ म्हणून नऊ प्रश्नांची यादी आहे, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रामाणिकपणे भरा. गुण ० ते २७. दहा किंवा वर आले तर डॉक्टरांकडे जाच. ते निदान नव्हे, चाळणी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीही उचलतात.

चिंचगूळ

एकदा इगतपुरीला विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स करा. तुमच्यापासून तासाभरावर आहे. राहणं-जेवण फुकट, दान घेतात तेही कोर्स पूर्ण केलेल्यांकडूनच. माझं आयुष्य बदललं.

जाईजुई

चिंचगूळ, कोर्सबद्दल आदर आहे, पण पहाटे चारला उठून दहा दिवस मौनात बसणं हे आत्ता यांचं पहिलं पाऊल नसावं. आधी डॉक्टर. नंतर गेलात तर अर्जात तब्येतीची माहिती लपवू नका, दादा.

स्पॅनर

चाकणला आहे, युनियनचं काम बघतो. तुमचा क्रम वाचून डोक्यावर हात मारला. शिफ्ट पुढे सरकणारी हवी: फर्स्ट, सेकंड, नाईट. शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही, म्हणून पुढे सरकणारी पाळी सोसते. आमच्याकडेही उलटीच होती. आम्ही भांडलो नाही, फक्त क्रम बदलायची मागणी लेखी दिली. माणसं तेवढीच, तास तेवढेच, कंपनीला छदाम खर्च नाही. पाच महिने लागले, पण झालं. यासाठी दवाखान्यात नाही, प्लॅनिंगवाल्याकडे जायचं असतं. वैयक्तिक वेळापत्रक वगैरे ठीक आहे, पण सगळं एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका.

व्यायामाचं: कंबर धरेपर्यंत सूर्यनमस्कार कोणी सांगितले? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, एवढंच सांगते. तुकड्यांत केलं तरी चालतं. जेवल्यावर दहा मिनिटं चाला, साखरेला तेच लागू पडतं. ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहाचे दोन फेरे. भिंतीला टेकून जोर. नमस्कार करायचेच तर तीनपासून, महिन्याने सहा.

पायवाट

तुझ्या वडिलांच्या वयाचा असेन, म्हणून एकेरी लिहितो.

हरिपाठाला घड्याळ नसतं रे. संध्याकाळीच म्हणायचा, समईपुढेच म्हणायचा, हे आपण सोयीने ठरवलेलं. वारीत आम्ही चालता चालता म्हणतो. मी पोस्टात असताना टपालाची छाटणी करत म्हणायचो, साहेबाला वाटायचं मी नंबर मोजतोय. तुझ्या बसला किती वेळ लागतो? निम्मा जाताना, निम्मा येताना म्हण. शिफ्ट कुठलीही असो, बस तर चुकत नाही ना?

श्रद्धा आहे का, याचा निकाल आज लावायची गरज नाही. पाठ आहे म्हणतोस. तो तुला पुस्तकाने नाही शिकवला, बापाच्या आवाजात ऐकून बसलाय. सध्या तेवढ्यासाठी म्हण. आणि मटण सुटत नसेल तर माळ घालू नको, माळ काही रागवत नाही.

घनगर्द

मी नास्तिक आहे, तरी लिहितो. आत्म्याचा रकाना हवा असेल तर तो खुणा करायचा नसावा, एवढंच माझं मत. मला विचाराल तर त्या रकान्यात 'डाळ' लिहिलं पाहिजे. वहिनींशी बोललात का?

सातपूरकर

सगळ्यांचे आभार. ठोंब्या, दुरुस्ती मान्य, शीर्षकात 'अध्यात्म' बरोबर आहे ना तेवढं सांगा.

जाईजुई ताई, यादी भरली. ११ आले. शेवटचा, जिवाचं बरंवाईट करण्याविषयीचा प्रश्न असतो, त्याला शून्य, तेवढी काळजी नसावी. तरी ११ बघून हात थांबला. परवा नाईटला तीनच्या ब्रेकमध्ये १४४१६ लावला. पॅकिंगच्या मागे उभा राहून बोललो, मराठीतच बोलले. पलीकडून फार काही उपदेश केला नाही, वडिलांबद्दल विचारलं. मी वीस मिनिटं बोललो असेन, ब्रेक पंधराचा असतो. शनिवारी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतलीये. बायकोला सांगून.

घनगर्द, बोललो. ती म्हणाली, "पातेल्यात डाळ चांगली लागते." मग थोड्या वेळाने म्हणाली की तिलाही दुपारी खोलीबाहेर चोरपावलांनी फिरायचा कंटाळा आलाय. पोरांनाही. हे मला कुठे दिसलं होतं?

स्पॅनर, आमच्या कमिटीत विषय काढला. एक जण म्हणाला नाईटचा भत्ता जाईल, म्हणून अर्धा तास त्यावरच गेला. भत्ता जात नाही, हे कागदावर मांडून दाखवावं लागेल. तुमच्या अर्जाचा नमुना, नावं काढून, इथे टाकता का?

पायवाट काका, बस पंचवीस मिनिटांची आहे. जाताना जमतं. येताना तिसऱ्या-चौथ्या अभंगातच झोप लागते आणि ड्रायव्हर स्टॉपला हाक मारतो. हे चालतं का?

पायवाट

चालतं. गॉगल लावतोस ना, मग कुणाला कळतंय.

पौष वद्य एकादशीला सातपूरहून त्र्यंबक विसेक किलोमीटर भरेल. तुझ्या त्या डिसेंबरच्या तपासणीनंतरच येते. आत्तापासून आठवड्याला थोडं थोडं वाढवत गेलास तर सहज जाशील. मी जानोरी फाट्याकडून येतो, गुडघ्यामुळे आता अर्ध्या वाटेत बसलेला असेन, भेट.

स्पॅनर

नमुना संध्याकाळी टाकतो. भत्त्याचा तक्ता वेगळा जोडा, तिथेच अडतं सगळं. आणि पायी जाणार असाल तर नवीन बूट यात्रेच्या दिवशी घालू नका.

मोगरा७५

पडद्याला कापड कुठलं घेतलं? आमच्याकडेही नाईट आहे.

सातपूरकर

मोगरा, ब्लॅकआउट म्हणून मिळतं ते महाग वाटलं. जाड गडद निळं कापड आणलं आणि आतून जुन्या सतरंजीचं अस्तर लावलं, बायकोने शिवलं. वरच्या दांडीतून उजेड येतो, तिथे पुठ्ठा चिकटवलाय.

वहीत आता रकाने नाहीत. एका पानावर तीन शिफ्ट लिहिल्यात आणि प्रत्येकीखाली फक्त झोप कधी, जेवण कधी, चालणं कशानंतर. हरिपाठ लिहिला नाही, तो बसमध्ये होतो. नमस्कार तीन, फर्स्ट आणि सेकंडलाच. पहिल्या आठवड्यात चालणं पाच दिवस झालं, दोन दिवस पावसाने गेलं. वजन अजून हललेलं नाही.

काल नाईटचा तिसरा दिवस. आमचं असं ठरलंय की कुकर दुपारी एक वाजताच लावायचा, आधी नाही. बरोबर एक वाजून पाच मिनिटांनी पहिली शिट्टी झाली, जाग आली. तिसरी होईपर्यंत पडून राहिलो आणि जेवायला उठलो.