सुरीला धार येत नाही, मदत हवी आहे

चकली_आणि_चहा: दोन दिवस दगडावर सुरी घासतोय. पाऊण तास घासूनही टोमॅटो चेपतो, साल कापत नाही. व्हिडिओ पाहून झालेत, लिंका देऊ नका. संध्याकाळी पाहुणे आहेत. काय चुकतंय?

कानस: सुरी कुठली? दगड कोणता? कोरडा घासता, पाण्यावर की तेलावर? पात्याला दाते आहेत का? एवढं न सांगता विचारलंत तर पत्रिकाच पाहावी लागेल.

निवांत: दगडाचा नाद सोडा. सायकलवर चाक घेऊन धारवाले फिरतात, पाच मिनिटांत काम.

कानस: ते चाक कोरडं असतं. सुरी दाबून धरली की काठ तापतो. काठावर निळी झाक दिसली म्हणजे तिथे ३०० अंशांच्या आसपास गेलं, पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. तेवढा भाग झिजवून काढेपर्यंत धार टिकायची नाही.

निवांत: सरसकट बोलू नका. जाणता धारवाला हलक्या हाताने लावतो आणि सुरी मधूनमधून पाण्यात बुडवतो.

गरमभजी: मिक्सरच्या भांड्यात मूठभर खडेमीठ फिरवा. पात्यांना मस्त धार येते.

कानस: प्रश्न सुरीचा आहे हो! आणि मीठ पोलादापुढे फार मऊ. चिकटलेला मसाला निघतो, धार येत नाही.

चकली_आणि_चहा: साधी स्टीलची सुरी, दाते नाहीत, पातं इंचभर रुंद. दगड हार्डवेअरवाल्याकडचा करडा, एक बाजू खरखरीत, एक बारीक. गोडेतेल टाकून बारीक बाजूवरच घासतोय.

पाटावरवंटा: हीच गोची. गोडेतेल हवेने चिकट होतं, त्यात स्टीलचा काळा कीस बसतो आणि दगडाची छिद्रं बुजतात. मग दगड चरत नाही, सुरी नुसती घसरते. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन दगड धुवा. तरी गुळगुळीत लागला तर १२० नंबरचा वॉटरपेपर (ओला करून वापरायचा सँडपेपर) सपाट फरशीवर ठेवा, पाणी टाका आणि दगडच त्यावर घासा. आधी दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा. मधल्या रेघा राहिल्या तर दगड मध्ये खोलगट झालाय. पुढे पाणी वापरा. थेंब मुरत नसेल, वरच गोळा होत असेल, तर तेल आत राहिलंय. मग शिलाई मशीनचं तेल चालेल, खायचं नको.

सुरुवात खरखरीत बाजूने. बोथट सुरीला तासन्‌तास घासूनही नुसती बारीक बाजू पुरणार नाही. इंचभर पात्याला २० अंशांचा कोन म्हणजे पाठ दगडापासून साडेआठ मिलिमीटर वर, पेन्सिलीच्या जाडीपेक्षा जरा जास्त. एकाच बाजूने घासत राहा, पलीकडच्या काठावर बारीक कड वळेपर्यंत. वर्कशॉपात तिला बर म्हणतात. कापसाचा बोळा पाठीकडून धारेकडे ओढला की तंतू अडकतात. मुठीपासून टोकापर्यंत अडकायला हवेत, मगच बाजू बदला.

विळीवाली: मग विळीला कशी लावायची?

पाटावरवंटा: पाट हलणार नाही असा धरा, दगड हातात घ्या आणि बुडापासून टोकाकडे दोन्ही अंगांनी फिरवा. बोटं दगडाच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. पातं लोखंडी असेल तर पुसून तेलाचा हात.

चकली_आणि_चहा: दगड धुतला. बर मात्र येतच नाही.

कानस: काठावर काळा मार्कर ओढा, चार हात मारा आणि शाई कुठून गेली ते बघा.

चकली_आणि_चहा: धारेवर शाई तशीच. वरून दोन मिलिमीटरची पट्टी पुसली गेली.

कानस: म्हणजे सुरी फार आडवी धरताय, धार दगडाला टेकतच नाही. पाठ उचला. दोन्हीकडे बर आली की बारीक बाजूवर दाब कमी करत एकआड एक हात मारा. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून, दहा-दहा वेळा. बर राहिली तर कागद कापेल, पण दोन टोमॅटोंत ती मोडून सुरी परत बोथट.

चकली_आणि_चहा: कापली!! पापुद्र्यासारख्या चकत्या पडतायत.

पाटावरवंटा: कापता कशावर?

चकली_आणि_चहा: ओट्यावर. ग्रॅनाइट आहे.

पाटावरवंटा: मग दगड आत ठेवू नका, उद्या परत लागेल. येताना लाकडी पाट आणा.