रात्री तीनपर्यंत काम, सकाळी सातला कातळ: हे करावं का?

ऐरोलीकर:
ऐरोलीत आयटीत बारा वर्षं नोकरी, त्यातली नऊ वर्षं प्रस्तरारोहण. मत आधीच सांगतो: आठवडाभर झोपेचे हाल झाले असतील तर शनिवार-रविवारी दोराला हात लावू नये.

मागच्या डिसेंबरात रिलीजचा आठवडा होता. शुक्रवारी रात्री तीनला लॅपटॉप मिटला आणि साडेपाचला सॅक पाठीला लावून मुंब्र्याला निघालो. दुसऱ्या चढाईला बिले, म्हणजे खालून चढणाऱ्याचा दोर सांभाळायचं काम, माझ्याकडे होता. मित्र शेवटच्या बोल्टच्या, खडकात ठोकलेल्या दोर अडकवायच्या खिळ्याच्या, दीडेक मीटर वर. पाठीवर कोवळं ऊन, आणि मान कधी खाली गेली कळलंच नाही. दोर तळव्यातून सरसर सरकला तेव्हा जाग आली. ब्रेकचा, दोर रोखणारा हात सुटला नव्हता म्हणून तो थांबला, पण ढील नको तेवढी होती. मित्राचा घोटा खालच्या कंगोऱ्यावर आपटला. सहा आठवडे प्लास्टर. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागतं.

दोरखंड:
वाचून पोटात गोळा आला. तरीही नियम पटला नाही. जून ते सप्टेंबर कातळ ओला आणि शेवाळलेला. एप्रिल-मेमध्ये दहानंतर खडकाला हात लाववत नाही. खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे जेमतेम सतरा रविवार. त्यात लग्नं, आजारपणं, वर्षअखेरीची ऑफिसची धावपळ. 'झोप झाली तरच' म्हटलं तर चार-पाच दिवस हाती लागतील. तेवढ्यावर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचं नावही काढू नये.

थकलेल्याने यावं, टॉप रोपवर, म्हणजे वरून आधीच लावलेल्या दोरावर चढावं. लीड (दोर खालून सोबत नेत पहिलं चढणं) नाही, बिले नाही. तुमची चूक जाण्यात नव्हती, 'मी झोपलेलो नाही' हे न सांगण्यात होती.

पारसिकची:
दोरखंड, तुमचा उपाय थकलेल्या माणसाच्या कबुलीवर उभा आहे. आपण किती थकलोय हे त्याचं त्यालाच कळत नसतं. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर होल्ड, म्हणजे हाताने धरायचा खडकाचा उंचवटा, पकडण्याआधी बोटाच्या पेराने ठोकून बघायचं, पोकळ आवाज आला की सोडून द्यायचा, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मी एकदा नाइट शिफ्ट करून गेले होते. तीन होल्ड न ठोकताच धरले. चौथा, वहीएवढा दगड, हातात आला. खाली कोणी नव्हतं, एवढंच.

२०१६ आणि २०१७ मध्ये वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात बोल्डरिंगचा (कमी उंचीच्या, बिनदोराच्या चढाईचा) विश्वचषक झाला. तो बघून मी बोल्डरिंगकडे वळले. दोर नाही, क्रॅश पॅड (खाली टाकायची जाड गादी) आणि पाठीशी उभं राहणारं एक माणूस पुरतं. कामाच्या दिवशीही संध्याकाळी दीड तास वॉलवर, चढाईच्या कृत्रिम भिंतीवर, जाता येतं. नोकरदारांनी हेच करावं. फक्त स्नायूंच्या मानाने बोटांच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोरे) सावकाश घट्ट होतात, त्यामुळे घाई केली तर बोट महिनोन्‌महिने धरतं.

दोरखंड:
वॉलवर मीही जातो. पण सुळक्याच्या माथ्यावर दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा असते, चहूकडे वारा असतो, त्याची भूक चार मीटरच्या भिंतीवर भागत नाही. त्यासाठीच आठवडाभर राबतो मी.

सानपाड्याची आई:
तुम्ही सगळे ऑफिसचेच तास मोजताय. मी नवऱ्याच्या बरोबरीने चढायचे, लोणावळ्याजवळची नागफणी दोनदा केली आहे. लेक दीड वर्षाची झाली, तो अजूनही दर रविवारी जातो आणि मी हार्नेस (दोर बांधायचा कमरपट्टा) कपाटात बघते. भांडले, तेव्हा एक रविवार त्याचा, एक माझा असं ठरलं. माझे निम्मे रविवार तरी परत आले. दोरखंड, तुमचे सतरा रविवार घरी कोण सांभाळतं, तेही लिहा.

दोरखंड:
बायको. विचारलं नव्हतं कधी. आज विचारतो.

ऐरोलीकर:
पारसिकची, तुमचा न ठोकलेला होल्ड आणि माझी डुलकी एकच. म्हणूनच कबुलीवर माझा भरवसा नाही, नियमावर आहे. आमच्या गटात आता चढाईआधी गाठ, हार्नेस, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक तपासलं की समोरच्याला विचारतो, 'काल किती तास झोपलास?' सहाच्या खाली असेल तर दोर दुसऱ्याकडे, वाद नाही.

घोटा बरा झालाय. येत्या शनिवारी तो पुन्हा मुंब्र्याला येतोय, आणि बिले मीच द्यायचा असं त्यानेच सांगितलंय. मी शुक्रवारची सुट्टी टाकली आहे.