केजी-१ मध्ये फोनिक्स आणि पौष्टिक खाऊ एकत्र कसं घेता येईल? (नागपूर)

मानेवाड्याची टीचर
नमस्कार मंडळी. एका लहान शाळेत केजी-१ला शिकवते. मुलं चार-पाच वर्षांची, घरी मराठी, काहींच्या घरी हिंदी. जानेवारीत ‘आपला आहार’ हा विषय आहे, आणि त्याच महिन्यात फोनिक्सचे (म्हणजे इंग्रजी अक्षरं त्यांच्या आवाजावरून शिकवण्याचे) पहिले सहा आवाज पक्के करायचे आहेत: एस, ए, टी, आय, पी, एन. मुलं ‘एस फॉर सन’ घडाघडा म्हणतात, पण ‘सन’ ऐकवून पहिला आवाज काढायला सांगितला की गप्प होतात. डब्यात रोज बिस्किटं, नाहीतर चिप्स. दोन्ही एकत्र कसं घेऊ? खर्च फार नको.

बालवर्गवाली
ताई, अक्षरांची कार्डं आठवडाभर कपाटातच ठेवा. आधी कान तयार होऊ द्या. टोपलीत खरी फळं-भाज्या ठेवून एकेक मूल बोलवा, वस्तू हातात द्या, नाव घेऊ द्या आणि विचारा, “तोंडात पहिल्यांदा काय झालं?” संत्रं, सोले (तुरीचे हिरवे दाणे), सफरचंद: दात जुळले, हवा सरकली, स्स्स. पपई, पालक, पत्ताकोबी: ओठ मिटले नि फुटले. मराठी नावं बिनधास्त चालू द्या. कान घरच्या भाषेत तयार झाला की तोच ‘स्’ इंग्रजीतही ऐकू येतो.

सगळ्यात जास्त लक्ष एका गोष्टीकडे द्या. आपल्याला बाराखडीची सवय, त्यामुळे पीचा आवाज आपण ‘प’ असा काढतो, शेवटी ‘अ’ लावून. मग मूल प-इ-न जोडायला जातं आणि ‘पइन’ म्हणतं. त्याची चूक नसते, आपण आवाजच शेपटीसकट दिलेला असतो. नुसता ओठांवर फुटणारा ‘प्’ काढा, तोंडासमोर तळहात धरून हवेचा धक्का जाणवू द्या. स् आणि न् लांबवता येतात, प् आणि ट् लांबवता येत नाहीत, म्हणून सुरुवात स् आणि न् ने करा.

टोपली भरताना टीसाठी टमाटर घ्या. तूर किंवा तीळ नको, तो ‘त’ आहे. एन ला नारळ, नाचणी. आयला इडली. एसाठी आपला ‘ॲ’ हवा, तिथे सरळ ‘ॲपल’ म्हणा, म्हणजे तेच सफरचंद दोन्ही गटांत फिरेल. पीसाठी पेरू ठेवलात तर अर्धी मुलं ‘जांब’ म्हणतील, तेव्हा तो टोपलीत नको.

सहा आवाज बसले की पॅन, टिन, सिप असे शब्द जुळतात, तिन्ही स्वयंपाकघरातले. संत्र्याचा रस प्यायला देऊन ‘स्-इ-प्, सिप’ म्हणवून घ्या.

दोन पिलांची आई
एक विनंती. वर्गात ‘गुड फूड, बॅड फूड’ असे तक्ते लावू नका. माझी मुलगी शाळेतून आली आणि आजीने केलेल्या शेवेला ‘बॅड’ म्हणाली. आजीला किती लागलं ते सांगता येत नाही. ‘रोजचा खाऊ’ आणि ‘कधीकधीचा खाऊ’ एवढं पुरतं. कुणाचा डबा सगळ्यांसमोर उघडून दाखवू नका, डबा आई-वडील भरतात, मूल नाही.

आहारतज्ज्ञ, धरमपेठ
वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. काही गोष्टी सुरक्षिततेच्या:

या वयात अख्खे फल्लीदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न वर्गात नकोच, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा. संत्र्याच्या फोडीतल्या बिया आधी काढा, बोरं बी काढूनच द्या. कुणाला दाणे, तीळ, दूध किंवा अंड्याची ॲलर्जी आहे का, हे पालकांकडून आधी लेखी घ्या.

चव घ्यायची सक्ती नको. हात लावला, वास घेतला, जिभेला टेकवलं तरी चालेल. नवीन भाजी मुलाला आवडायला दहा-बारा वेळाही समोर यावी लागते, पहिल्याच दिवशी ‘नको’ म्हटलं म्हणून ती यादीतून काढू नका. डब्यात पोहे आले तर लिंबाची फोड सोबत मागा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे अन्नातलं लोह अंगी लागतं.

महालातली आजी
बाई, जानेवारीत तुरीच्या शेंगा येतात नं. वाटी-वाटी शेंगा द्या पोरांसमोर, सोलत बसतील. बोटांत जोर येते, पुढं पेन्सिल धरायला कामी पडते. सोलताना ‘सोले, सोले’ म्हणत राहायचं. मग त्याचाच सोलेभात करून आणा कुणाच्या तरी घरून. स्वतः सोललेलं पोरं खातात, मी आपल्या नातवंडांचं पाहून राहिली. एकदा करून पाहजा.

मानेवाड्याची टीचर
आजी, हे नक्की करते! तुमचा सगळ्यांचा सल्ला वहीत उतरवला. अडचण एकच, आमच्याकडे वर्कशीट मागतात. ‘मुलांनी लिहिलं काय?’ हा प्रश्न येतोच. आणि गेटसमोर चिप्सची टपरी आहे.

बालवर्गवाली
2022 चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 3 ते 8 वयासाठी आहे. त्यात खेळातून शिकणं आणि घरची भाषा, दोन्हीवर भर आहे. ती पानं छापून बैठकीत ठेवा. आपल्याकडे हे नवीनही नाही, ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षण केंद्र काढलं तेव्हा साधनं आजूबाजूच्याच वस्तूंमधून तयार केली होती. टपरीचं म्हणाल तर एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2020 चे नियम आहेत: जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि गेटपासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. टपरीवाल्याशी भांडण नको, शाळेने पत्र देऊन त्याला केळी, उकडलेली बोरं ठेवायला सुचवावं.

कागदावर काही हवंच असेल तर खरखरीत अक्षरं करा. हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर आणा, अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवा, मूल बोट फिरवत तोच आवाज काढेल. फळं-भाज्या कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात सकाळी लवकर गेलात तर स्वस्त पडतील.

दोन पिलांची आई
पॉलिश पेपर बारीक दाण्याचा घ्या हं, जाड दाण्याने लहान बोटं सोलवटतात.